अहिराणी ०७

कानबाईला सोनगीरला गेलो होतो. खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतर जो रविवार येतो त्या दिवशी आमच्याकडे कानबाई बसते. सुरत, पुणे, मुंबई, पोटामागे माणसं जिथे कुठे पांगलेली असतात तिथून ती गावी येतात. रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आणि सोनगीर म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवरचं गाव. वर पडका किल्ला, खाली तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांची घरं. लहानपणी मामाकडे सकाळी जाग यायची ती ठोक्यांच्या आवाजानेच. असो.

तर मिरवणुकीत डीजे होता (हल्ली असतोच). कानठळ्या बसवणारी दोन गाणी झाली, तिसरं लागलं आणि मी चालता चालता थांबलो. खाली ठेका नवा टाकलेला, पण आवाज जुना. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी सूर हळूच खाली घसरतो आणि परत वर येतो. ती गायकाने घेतलेली जागा नाही, तिथे टेप ओढली गेली आहे. मला माहीत आहे, कारण मे २००४ मध्ये ती कॅसेट मीच कॉम्प्युटरमध्ये घेतली होती आणि नेमकं त्या कडव्याला व्होल्टेज बसलं होतं. कॉम्प्युटर यूपीएसवर तगला, टेपरेकॉर्डर नाही तगला.

शेजारी नाचणाऱ्या एका पोराला विचारलं, कोणाचं रे हे गाणं? तो म्हणाला, "डीजेवालानं शे."

डीजेवाल्याचं नाही ते. ज्यांचं आहे त्यांना आपण इथे दादा म्हणू. ते त्या वेळी दोन गल्ल्या सोडून आपल्या ओट्यावर बिडी ओढत बसले होते. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून या वीकेंडला जरा लांबण लावतोय. चहा घेऊन बसा.

आमचं इंजिनिअरिंग १९९९ ते २००३ या काळातलं. जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग नावाच्या, आमच्याच वयाच्या एका अमेरिकन पोराने नॅपस्टर काढलं. कल्पना इतकी साधी होती की आपल्याला का नाही सुचली असं वाटावं. गाणी ज्याच्या त्याच्या मशीनवर राहणार, मधल्या सर्व्हरवर फक्त यादी, कोणाकडे काय आहे याची. पुढे कोर्टात ही यादीच अंगाशी आली, कारण काय चाललंय ते आम्हाला माहीतच नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या बँडने दावा ठोकला. मे महिन्यात त्यांचा ड्रमर लार्स उलरिक स्वतः नॅपस्टरच्या ऑफिसात गेला आणि त्यांची गाणी वाटणाऱ्या ३,३५,४३५ लोकांची यादी खोकी भरभरून देऊन आला. म्हणजे आपल्याच चाहत्यांची यादी! आमच्या दृष्टीने तो माणूस त्या दिवशी संपला.

उलट कोर्टनी लव्ह आमची हिरॉईन. तिने त्याच महिन्यात एका भाषणात हिशेब मांडला की दहा लाख प्रती खपलेल्या बँडच्या हातीसुद्धा सगळी वजावट झाल्यावर कसं काही उरत नाही, आणि विचारलं की यात चाचे कोण. २००२ मध्ये जॅनिस इयन या जुन्या गायिकेने लिहिलं की फुकट डाऊनलोडमुळे आपलं नुकसान तर सोडाच, उलट नवे श्रोते मिळतात. आम्ही त्यांची प्रिंट काढून हॉस्टेलच्या भिंतीवर लावली होती. नॅपस्टर फेब्रुवारी २००१ मध्ये अपिलात हरलं आणि जुलैमध्ये बंद पडलं, पण तोवर आम्हाला काही फरक पडत नव्हता. बाहेरचं इंटरनेट गोगलगाय, पण हॉस्टेलची लॅन सुसाट होती. एकाने कुठून तरी आणलेलं गाणं रात्रीतून दोनशे खोल्यांत पोचायचं. मेसमध्ये या विषयावर तावातावाने वाद व्हायचे आणि मी कायम फुकटच्या बाजूने. मुद्दा एकच: कंपनी कलाकाराला देतच नाही, तर कंपनीचं घेतलं म्हणजे कलाकाराचं कसं घेतलं?

हा मुद्दा आपल्याकडे तर आणखीच लागू पडायचा. लताबाई आणि रफीसाहेब साठच्या दशकात काही वर्षं एकत्र गायले नाहीत, ते कशावरून? रॉयल्टीवरून. गाणं विकलं जातंय तोवर गाणाऱ्याला त्यातला वाटा मिळावा असं लताबाईंचं म्हणणं. गायलो, पैसे घेतले, विषय संपला, असं रफींचं. दोघांच्या भांडणात निर्माते आणि कंपन्या मजेत. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वेगळा करार नसेल तर सिनेमासाठी केलेल्या गाण्यावर मालकी निर्मात्याची, संगीतकाराची आणि गीतकाराची नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिपण जोडून खंत व्यक्त केली की आपल्या कायद्यात गाणाऱ्याच्या गळ्याला जागाच नाही. गाणाऱ्यांना कायद्यात पहिला हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कोणालाही लिहून देता येणार नाही अशी तरतूद यायला २०१२ उजाडावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी हात धुऊन मागे लागले होते. म्हणजे २००० मध्ये हॉस्टेलवर आम्ही जेव्हा जुनी मराठी-हिंदी गाणी कॉपी करत होतो तेव्हा त्यातल्या बहुतेक गाणाऱ्यांच्या खिशातून आम्ही खरंच काही काढत नव्हतो. खिशात काही येतच नव्हतं.

आणि आपल्याकडे कॉपी करून मोठी झालेली कंपनीही होतीच की. दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारांनी ऐंशीच्या दशकात कॉपीराईट कायद्यातली एक फट नेमकी हेरली. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता यायचं. एचएमव्हीच्या महाग मालाशेजारी टी-सिरीजच्या स्वस्त कॅसेटी पानाच्या टपरीवरसुद्धा टांगलेल्या दिसायला लागल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये यावर 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं की कॅसेटीने एका कंपनीची सद्दी मोडली आणि ज्या बोलीभाषांकडे रेकॉर्ड कंपन्या ढुंकून बघत नव्हत्या त्यांना बाजार मिळाला. कॅसेट काढायला मुंबई लागत नव्हती. थोडे पैसे आणि ओळखीचा स्टुडिओ पुरायचा.

इथे दादा येतात.

दादा तांबटकामातले. भांडी घडवायचेच, शिवाय त्यांचं खास काम म्हणजे भांड्यांवर नाव घालणं. माझ्या आजीच्या हंड्यावर, मामीच्या लग्नातल्या ताटांवर, सगळीकडे छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं 'अमक्याकडून तमकीस' आणि खाली तारीख, हे दादांच्या हातचं. आवाज पहाडी. भजनात, कानबाईत, लग्नात हळदीच्या रात्री दादांशिवाय पान हलायचं नाही. स्वतः अहिराणी गाणी रचायचे. २००२-०३ च्या सुमाराला त्यांनी पदरचे पैसे घालून धुळ्याला अकरा गाणी ध्वनिमुद्रित केली, हजार कॅसेटी काढून आणल्या आणि आठवडे बाजारात, जत्रेत, एसटी स्टँडवर स्वतः विकायला लागले. बऱ्यापैकी खपत होत्या. मला त्यांनी एक फुकट दिली होती, पुण्याला शिकतो म्हणून कौतुकाने.

मग मी काय केलं, तर त्या मेच्या सुट्टीत टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि अकराच्या अकरा गाण्यांच्या एमपी३ केल्या. हेतू चांगला होता हो! अहिराणी नेटवर कुठेच नव्हती. अमेरिकेतला, दुबईतला खानदेशी माणूस आपलं गाणं ऐकेल, दादा जगभर पोचतील, असं सगळं डोक्यात. फाईलना नावं काय द्यायची? सॉफ्टवेअरने आपणहून 'ट्रॅक ०१, ट्रॅक ०२' दिली होती. मी मोठ्या तत्परतेने 'ट्रॅक' खोडून तिथे 'अहिराणी' लिहिलं. सातव्या गाण्याला दुसऱ्या कडव्यात व्होल्टेज बसलं आणि शेवटच्या कडव्याआधी लाईटच गेली. परत कधी करायचं, म्हणून मी शेवट आवाज हळूहळू कमी करून गुंडाळला. मग अकराही फाईल वर चढवल्या, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात म्हणून. एक सीडी मामेभावाला करून दिली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मामेभावाने काही वर्षांनी स्टँडजवळ मोबाईलचं दुकान टाकलं. आठवतात का ती दुकानं? बाहेर रंगवलेली पाटी, 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील', आत एक कळकट कॉम्प्युटर आणि त्यात हजारो गाणी, देव, रिमिक्स, कव्वाली अशा फोल्डरांत. चायना मोबाईलचा तो भला मोठा स्पीकर. खानदेशात खेड्यापाड्यांत गाणं इंटरनेटवरून फारसं गेलं नाही, ते या दुकानांवरून कार्डात आणि कार्डातून ब्लूटूथने शेतात गेलं. 'अहिराणी' फोल्डर तुफान चालायचा. दादांच्या उरलेल्या कॅसेटी माळ्यावर गेल्या. त्यांनी दुसरी काढली नाही.

२०१० मध्ये कधीतरी दादा त्या दुकानात आले. नातवाने त्यांना मोबाईल घेऊन दिला होता आणि त्यात त्यांना स्वतःची गाणी हवी होती. मामेभाऊ धुळ्याला गेलेला, काउंटरवर बाहेरगावचा पोरगा. दादांनी आपलं नाव सांगितलं. पोराने नाव टाकून शोधलं, काही नाही. कॅसेटचं नाव सांगितलं, तेही नाही. शेवटी दादांनी काउंटरवर हात टेकून मुखडा गाऊन दाखवला. पोरगा खूष होऊन ओरडला, "हाई तं अहिराणी ०७ शे!" आणि दहा रुपये घेतले.

मामेभावाने हे मला फोनवर विनोद म्हणून सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

आता हिशेब करू. लताबाईंचं गाणं मी कॉपी केलं तेव्हा तोटा झालाच असेल तर कंपनीचा. मेटॅलिकाचं कॉपी केलं तेव्हा त्यांच्या बंगल्याची एक वीटही हलली नाही. पण दादांच्या कॅसेटीत कंपनी कुठे होती? गीतकार, गायक, निर्माता, वितरक आणि स्टँडवरचा विक्रेता हे सगळे एकच माणूस. न खपलेली प्रत्येक कॅसेट ही त्यांच्या घरातल्या पैशाची होती. हॉस्टेलच्या मेसमधला माझा मुद्दा मेटॅलिकाला बरोबर लागू पडत होता, आणि मी तो उचलून जसाच्या तसा सोनगीरला लावला. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एज केस म्हणून सोडून देतो. पण खानदेशात, बहुधा सगळ्याच बोलीभाषांत, नियम तो होता आणि अपवाद मेटॅलिका.

पैशाचं तरी एक वेळ दोन्ही बाजूंनी बोलता येतं. कॅसेटी तशाही संपणारच होत्या, टेपरेकॉर्डरच उरले नाहीत. आणि दादांची आज जगात उरलेली एकमेव धड प्रत म्हणजे माझी ती चोरीची एमपी३, कारण माळ्यावरच्या कॅसेटींना बुरशी लागली. पण काउंटरवर हात टेकून स्वतःचं गाणं गाऊन दाखवावं लागलं, त्याचं काय?

हे नावाचं प्रकरण फार जुनं आहे. आपले ख्यालगायक चिजा लपवायचे, घराण्यातल्या चिजा म्हणजे इस्टेट, लेकीच्या लग्नात हुंड्यात दिल्याच्या गोष्टी आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईतले वकील. ते देशभर हिंडले, उस्तादांची मनधरणी करून, प्रसंगी संस्थानिकांच्या ओळखी वापरून बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत नोटेशनसकट छापून टाकल्या. कोणीही यावं, शिकावं. काही उस्तादांच्या दृष्टीने हा माणूस म्हणजे नॅपस्टरच! मी या भांडणात पूर्वी डोळे झाकून भातखंड्यांच्या बाजूने होतो. आजही आहेच, पण ज्याच्याकडे शेत नाही, पेन्शन नाही, फक्त दोनशे चिजा आहेत, तो त्या का लपवतो हे आता कळतं.

तरी एक गोष्ट बघा. त्या बंदिशी ज्याच्या त्याच्या झाल्या, पण सदारंगाचं नाव गेलं नाही. अठराव्या शतकातला माणूस, आज दादर-डोंबिवलीतली क्लासला जाणारी पोरंही त्याचं नाव रोज घेतात, कारण त्याने ते शब्दांतच विणून ठेवलं होतं. भातखंड्यांनी स्वतः रचलेल्या लक्षणगीतांत 'चतुर' ही मुद्रा घातली. आमच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाईलच्या बाहेर न ठेवता गाण्याच्या आत ठेवायचा, म्हणजे कोणी कितीही कॉपी करो, तो गळत नाही. शाहिरांनी हेच केलं. लावणीच्या शेवटी होनाजीचं नाव, अभंगाच्या शेवटी तुकोबांचं. पैसे मागितले नाहीत, नाव मात्र पक्कं. २००२ च्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सवाल्यांनी 'वापरा, पण नाव द्या' असे परवाने काढले तेव्हा आम्ही काय भारावलो होतो! देहूला ते आधीच माहीत होतं. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' सिनेमातला सालोमालो आठवा. त्याचं पाप काय? तुकोबांचे अभंग गातो हे नव्हे, ते तर सगळेच गात होते. तो ते स्वतःचे म्हणून गातो.

आणि नाव गेलं तर परत मिळवून देणारेही श्रोतेच असतात. १९४९ च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या त्या सुप्रसिद्ध गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. रेडिओवर गाणं लागलं आणि ही बाई कोण म्हणून श्रोत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. रेडिओने कंपनीला विचारलं आणि मग नाव सांगितलं गेलं. फुकट ऐकणाऱ्यांनी एका पैशाची रेकॉर्ड न घेता हे करून दाखवलं होतं. मी मात्र उलटं केलं.

आमच्या खानदेशातलं सगळ्यात मोठं उदाहरण तर तुम्हाला पाठच असेल. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१), आसोद्याच्या. लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या, ज्याने ऐकल्या त्याच्या झाल्या. घरातल्यांनी, विशेषतः त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव यांनी, त्या उतरवून ठेवल्या. बहिणाबाई गेल्यावर ती वही अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. समजा वहीवर नाव नसतं, तर? त्याच ओव्या आज सगळ्यांना माहीत असत्या, सिनेमातही गेल्या असत्या (१९६१ च्या 'मानिनी'त गेल्याच), आणि श्रेयनामावलीत एक शब्द आला असता: पारंपरिक. हा शब्द मला आता खटकतो. कॅसेटीवर 'पारंपरिक' छापलं की कोणाला काही द्यावं लागत नाही. कानबाईच्या कितीतरी गाण्यांमागे अशी एखादी बाई असणारच ना, जिला वही लिहिणारा मुलगा नव्हता?

गंमत म्हणजे कायद्याला हा फरक आधीपासून ठाऊक आहे. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकले, लिहून दिले, तरी आपण रचनाकार आहोत हे सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. २०१२ पासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही तो आहे. उलट पैशाच्या बाबतीत हाच कायदा सैल आहे. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाचे बाकीचे सोहळे यांत गाणी वाजवायला परवाना लागत नाही. (गोवा सरकारने ही सूट जरा सढळ हाताने लावणारं परिपत्रक काढलं होतं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं. मूळ सूट मात्र आहे.) म्हणजे त्या सोमवारी कानबाईच्या मिरवणुकीत गाणं वाजवल्याबद्दल दादांना पैसे मिळाले नसतेच, आणि त्यांना ते नकोही होते. देवीपुढे गाण्याचे पैसे कोण घेतं.

मिरवणूक विहिरीवर पोचल्यावर मी दादांकडे गेलो. आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. कान थोडे गेलेत. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, वायर, कॉम्प्युटर, फाईलची नावं. त्यांना यातलं बरंचसं माहीत होतं. नातवाने २०१९ मध्ये ती गाणी नेटवर व्हिडिओ करून टाकली होती म्हणे, आजोबांचा फोटो लावून. आठवड्यात दावा आला की हे ध्वनिमुद्रण आमचं आहे. कोणी तरी माझ्याच फाईल उचलून एक 'आल्बम' म्हणून नोंदवल्या होत्या. दाव्यात गायक म्हणून काय होतं ओळखा. पारंपरिक! नातू दोन महिने ईमेल करत बसला आणि मग सोडून दिलं. दुसरीकडे याच नेटवर गेल्या काही वर्षांत 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी कोटीकोटी वेळा पाहिली गेली आहेत. ती गाणारी-बनवणारी पोरं पहिल्या दिवसापासून आपलं नाव आणि आपलं चॅनल घट्ट धरून आहेत. ती हुशार आहेत. दादा पंधरा-वीस वर्षं आधी आले, आणि माझ्या तावडीत सापडले.

मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "जाऊ दे भो, लोके आयकतस ना." मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, सात नंबरचं शेवटलं कडवं कोठे गयं?

तेव्हा मला कळलं. शेवटच्या कडव्यात नाव होतं. 'सोनगीरचा अमुक' असं, जुन्या शाहिरांच्या पद्धतीने, ताल देऊन. लाईट गेली म्हणून मी जे कडवं कापलं, नेमकं तेच. अकरा गाण्यांपैकी फक्त त्या एकात त्यांनी नाव घातलेलं, आणि चाललं तेच.

मी लॅपटॉप काढला. अकराही फाईल उघडल्या आणि एकेका गाण्याचे रकाने भरायला बसलो. शीर्षक, गीत, गायक, ढोलकी, टाळ, कोरसमधल्या तिघी. दादा सांगत गेले, गल्लीतल्या दोघी-तिघी येऊन दुरुस्त्या करत गेल्या. हंड्यावर नाव घालताना विचारतात तसं ते प्रत्येक नावाला थांबून विचारायचे, बरोबर लिहिलं ना, ऱ्हस्व-दीर्घ बघ. नवव्या गाण्याची बासरी कोणाची, ते काही आठवेना. धुळ्याचाच कोणीतरी होता, स्टुडिओवाल्याने ऐनवेळी बोलावलेला. तो रकाना रिकामा ठेवला आहे.

मी म्हटलं, दादा, मी यावर लिहिणार आहे, तुमचं नाव टाकू ना? ते म्हणाले, "गानावर टाक. लेखमा नको. लोके म्हनतीन, रडी राह्यना." म्हणून इथे नाव नाही, गाण्यांवर आहे.

शेवटलं कडवं त्यांनी ओट्यावरच फोनमध्ये गायलं. आवाज बसलाय, मध्ये दोनदा दम लागला, मागे विहिरीकडून डीजे ऐकू येतोय आणि तो अजून तेच गाणं वाजवतोय, वेगळ्या पट्टीत. घरी येऊन मी ते जुन्या फाईलला जोडून पाहिलं. जुळत नाही. वेगळीच फाईल ठेवली आहे, सातच्या खाली, पूर्ण नावाने. डीजेवाल्याला दोन्ही पाठवल्या आहेत. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.